होनोराची सहा मुलं

९ जानेवारी २०२३, सोमवार

होनोरा सापडली! १८८० ची अमेरिकेची जनगणना, आमचं होल्योक, पान सतरा, ओळ एकतीस. होनोरा शे, विधवा, वय पंचेचाळीस, जन्म आयर्लंड. तिच्याखालीच मुलगा डॅनियल — वय बत्तीस. म्हणजे बाई तेराव्या वर्षी आई झाली म्हणायची!

मला हसू आवरेना. वाचनालयातल्या जुन्या कागदांच्या खोलीत मी आणि तिथली मारिसोल, दोघंच होतो. पोरगी पोर्तो रिकोच्या घरातली, पस्तिशीची असेल, पण होल्योकच्या आयरिश लोकांच्या पाच पिढ्या तिला आमच्याहून जास्त पाठ आहेत. म्हणाली, "मिस्टर शे, हळू. बाई खोटं नाही बोलली. दारात आलेल्या माणसाने विचारलं, तिने तोंडाला आलं ते सांगितलं. तुमच्या लोकांकडे तेव्हा कुठे होते जन्मदाखले?"

असेल. पण मग १८७० चा कागद काढला, तर तिथे तीच बाई चाळीसची. दहा वर्षांत पाचनेच वाढली.

घरी लोरेनला सांगितलं. बायकोचं माहेर फ्रेंच कॅनडातलं, त्यामुळे तिला टोमणे मारायला निमित्त लागत नाही. "तुमच्या घराण्यात एकच शहाणी बाई होऊन गेली," म्हणाली, "आणि आमच्याकडे बघ. आमच्या पाद्र्यांनी तीनशे वर्षांचं सगळं लिहून ठेवलंय. मला शोधायला काही उरलेलंच नाही." हे तिने दुःखाने म्हटलं की तोऱ्यात, ते कळलं नाही.

१४ जानेवारी, शनिवार

नेलआत्याकडे गेलो. टेकडीवरच्या नन्सच्या वृद्धाश्रमात आता तिचं दुसरं वर्ष. खिडकीशी बसली होती, मांडीवर जपमाळ, समोर हिरवी जेली तशीच पडलेली.

"सापडली?"

"सापडली. ऐंशीत पण आणि सत्तरीत पण."

"गाव?"

"जन्म — आयर्लंड."

"आयर्लंड म्हणजे काय गाव झालं का रे गाढवा? वर गेल्यावर विचारतील, बाई कुठली तू? काय सांगू? समुद्राच्या पलीकडची?"

तिच्या थडग्याची शिळा तयार आहे. नाव कोरलंय, जन्मसाल कोरलंय. मधली एक ओळ तिने कोरी ठेवायला लावलीय. जुन्या दफनभूमीत आयर्लंडच्या केरी परगण्यातून आलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या शिळांवर गाव आहे, अमक्या गावची, तमक्या गावचा. एकट्या होनोराच्या शिळेवर नाही. साधं सालही नाही. ही कोरी ओळ म्हणजे नेलचं लहानपणापासूनचं दुखणं. शाळेत पोरी विचारायच्या, तुमचं गाव कुठलं, आणि हिला सांगता यायचं नाही. होनोरा तिची सख्खी पणजी. माझी खापरपणजी.

खाली डॉक्टर भेटले. हृदय थकलंय म्हणाले. ईस्टर बघेल. उन्हाळ्याचं सांगता येत नाही.

गाडीत बराच वेळ बसून राहिलो. माझे वडील जॅक, नेलचा भाऊ, कोरियाच्या लढाईत गेले. आई मला जन्म देतानाच गेली, बॉस्टनकडची होती, तिच्या माहेरचं कुणी कधी फिरकलं नाही. मला वाढवलं ते नेलने. दिवसा कागदाच्या गिरणीत चिंध्या निवडायची, संध्याकाळी माझे पाढे घ्यायची, आणि शनिवारी माझे कान इतके घासायची की रविवारी प्रार्थनेला मी लालभडक कानांनी बसायचो. लग्न केलं नाही. मागणी घालणारे होते, मला आठवतात. एकाने मला सायकल दिली होती.

तिने आजवर माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितलीय. गाव शोधायचंच.

२० जानेवारी

१८९० चे कागद आगीत गेले. नुसते आमचेच नाहीत, जवळजवळ अख्ख्या देशाचे! दिवस फुकट.

२६ जानेवारी, गुरुवार

१८६० सापडलं. पॅट्रिक शे, मजूर, ३७. होनोरा, ३२. डॅनियल १२, मॉरिस ८, नोरा ६, एलन २. पुढे सत्तरच्या कागदात आणखी दोघं येतात, टिम आणि केट.

पॅट्रिकच्या मृत्यूची नोंदही मिळाली. १८७७, कालव्याच्या कामावर दरड कोसळली. बापाचं नाव मॉरिस शे. गावाच्या जागी — आयर्लंड. मी टेबलावर हात आपटला. मारिसोलने मान वर न करता विचारलं, "परत आयर्लंड?"

"परत आयर्लंड."

२९ जानेवारी, रविवार

नेलला मुलांची नावं वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होती. चौथं नाव एलन, नेलचं खरं नावही तेच; त्यावर डोळे उघडले.

"पॅट्रिकच्या बापाचं नाव काय म्हणालास?"

"मॉरिस."

"मग पहिला मुलगा मॉरिस हवा. डॅनियल कसा?"

मी म्हटलं, आवडलं असेल नाव. तर माझ्यावर अशी उसळली की पलीकडच्या म्हातारीने कानातलं यंत्र काढून ठेवलं. "आवडलं असेल? नावं काय आवडीने ठेवायची असतात? पहिला मुलगा बापाच्या बापाचा. दुसरा आईच्या बापाचा. पहिली मुलगी आईच्या आईची. केरीची माणसं उपास मोडतील, पण हा नियम मोडायची नाहीत."

"मग?"

"मग आधी एक मॉरिस होऊन गेला असेल. लहानपणीच मेला असेल बिचारा, आणि नाव पुन्हा ठेवलं. शोध त्याला. त्याच्यासाठी कुणी प्रार्थनासुद्धा केली नसेल."

आता शोधायला गाव आहेच, शिवाय एक मेलेलं पोरही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

मेलेलं पोर सापडत नाही. मृत्यूच्या नोंदवह्या चाळून डोळ्यांचं पाणी झालं. मारिसोलने तिच्या आईने केलेला डाळिंब्यांचा भात अर्धा मला दिला. म्हणाली, आपल्या राज्याने मधल्या काळात स्वतःची एक वेगळी जनगणना केली होती, १८५५ मध्ये. त्यात बघू, काही धागा लागतो का.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं जाग्यावर येईल.

१८५५. पॅट्रिक शे. होनोरा. मॉरिस, ३. नोरा, १. आणि या सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीत — डॅनियल मोरियार्टी, वय ७.

शे नाही. मोरियार्टी!

मी म्हटलं, मोजणीदार चुकला. मारिसोलने १८५० चा कागद पडद्यावर आणला. पॅट्रिक आणि होनोरा, नवराबायको, घरात मूल नाही. आणि शेजारच्याच झोपडीत जॉन मोरियार्टी, त्याची बायको मेरी, आणि डॅनियल, वय २. हा कागद मी दोन आठवड्यांपूर्वीच पाहिला होता! डॅनियल शे सापडला नाही म्हणून पान उलटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग मृत्यूच्या वहीत मोरियार्टी शोधले. ते लगेच सापडले. जॉन, ऑगस्ट १८५१, ताप. मेरी, नऊ दिवसांनी. ताप.

"मिस्टर शे," मारिसोल म्हणाली, "ही चूक सगळेच करतात. घरप्रमुखाशी नातं काय, हा रकाना १८८० पासून सुरू झाला. त्याआधी नुसती नावं, एकाखाली एक. आपण बघतो आणि धरून चालतो की सगळी त्यांचीच मुलं."

१८६० मध्ये तो डॅनियल शे झाला. नाव तेच ठेवलं, आडनाव बदललं. म्हणून नियम मोडलेला दिसत होता. मोडला नव्हताच. होनोराचा पहिला मुलगा मॉरिसच.

आणि डॅनियल — नेलचा आजोबा — तो होनोराचा नाहीच.

११ फेब्रुवारी

लोरेनला सांगितलं. "तुझ्या आत्याला सांगू नकोस," म्हणाली. पाच मिनिटांनी म्हणाली, "नाही, सांग." मग रात्रीचं जेवण होईपर्यंत आणखी दोनदा मत बदललं.

२२ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख लावून नेलसमोर बसलो. मॉरिसचं काय झालं, म्हणून विचारत होती. म्हटलं, शोधतोय. उपासाच्या पहिल्याच दिवशी खोटं!

त्र्याण्णव वर्षं ही बाई होनोराच्या गोष्टींवर जगली. होनोरा मातीच्या चिलमीतून तंबाखू ओढायची, होनोराने घरमालकाला झाडूने जिन्यावरून खाली हाकललं होतं, होनोराला आयुष्यात कधी सर्दी झाली नाही. नेल कुणाशी भांडली की तिचे बाबा म्हणायचे, होनोराचं रक्त आहे! ते रक्तच नाही असं आता कोणत्या तोंडाने सांगू?

९ मार्च, गुरुवार

सापडलं. गाव सापडलं!!

इतके दिवस आम्ही आयर्लंडमधल्या चर्चच्या नोंदी 'शे' नावाने धुंडाळत होतो. केरीत दगड मारला तर तो शे आडनावालाच लागतो, कोणता आपला हे कळणार कसं! आज मारिसोलने नुसतं डॅनियल मोरियार्टी घातलं, बाप जॉन, आई मेरी, साल १८४८. एकच आला. बाप्तिस्म्याची नोंद, लॅटिनमध्ये, पण नावं ओळखू येतात. गावाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात — किलवारा.

आणि त्याच ओळीत पुढे, बाळाला हातात घेऊन उभे राहिलेल्या धर्म-आईबापांची नावं. पॅट्रिक शे, किलवारा. होनोरा केसी, किलवारा.

केसी हे तिचं माहेरचं आडनाव, म्हणजे ती त्याची धर्म-आई होती. एकाच गावची चौघं, एका पाठोपाठ एक इथे आलेली, शेजारी शेजारी झोपड्या बांधून राहिलेली. आमच्यात धर्म-आई होणं म्हणजे वाढदिवसाला मोजे पाठवणं नव्हे. आईबाप गेले तर पोर तुझं, असा तो शब्द असतो. होनोराने तो पाळला.

मी रडलो. मारिसोलसमोरच. तिने कागदी रुमालांचा डबा सरकवला. म्हणाली, या खोलीत त्याचीच गरज जास्त पडते.

१२ मार्च, रविवार

नेलला फक्त गाव सांगितलं.

"किलवारा," मी म्हटलं. "केरी. होनोरा केसी, किलवाराची."

तिने ते नाव तीनदा म्हटलं. हळूहळू, जिभेवर ठेवून. मग खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि मी लहानपणापासून पाहिला नव्हता असा चेहरा पाहिला तिचा. लाडात आलेल्या मुलीसारखा. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ननला थांबवून सांगत होती, "आम्ही किलवाराचे. पोरगा शोधून आला." पोरगा म्हणजे मी! त्र्याहत्तर वर्षांचा, गुडघे बदललेला.

मग म्हणाली, "कागद दाखव."

"घरी राहिला."

माझ्याकडे बघत राहिली. "तुझे कान लाल झालेत, मायकी."

१९ मार्च, रविवार

आयरिश लोकांची परेड. सालाबादप्रमाणे केरीचा झेंडा घेऊन चाललो. गुडघ्यांनी कसाबसा पूल ओलांडला. लोरेनने बाजूने ओरडून सांगितलं, "झेंडा सरळ धर, खोटारड्या!" लोकांना वाटलं, बायको गंमत करतेय.

२५ मार्च, शनिवार

कागद दाखवले. सगळे. ती चष्मा पुसून पुसून वाचत होती आणि मी मध्ये मध्ये समजावत होतो, हा पन्नासचा, हा पंचावन्नचा, हा बाप्तिस्म्याचा. तिने हाताने मला गप्प केलं.

"म्हणजे माझे आजोबा तिच्या पोटचे नव्हते."

"नाही."

"शेजारणीचे."

"हो. पण नेल, गाव तेच आहे. किलवारा तुझंच आहे, रक्तानेसुद्धा. फक्त होनोरा—"

"घरी जा, मायकी."

एवढंच. ना रडली, ना रागावली. कागद मात्र परत दिले नाहीत, उशीखाली ठेवले. मी दाराशी थांबलो तर म्हणाली, "जा म्हटलं ना."

मी तिची होनोरा तिच्याकडून काढून घेतली. तीही मरायच्या आधी महिनाभर! सत्य, सत्य म्हणून नाचलो. एवढीच हौस होती तर मी मेल्यावर लिहून ठेवायचं होतं.

२८ मार्च

फोन घेत नाही.

३१ मार्च

वृद्धाश्रमात जाऊन आलो. सिस्टरने बाहेरच अडवलं. "विश्रांती घेताहेत." मागे खोलीत रेडिओवर बेसबॉलचा सामना मोठ्याने चालला होता, आणि नेल पंचाला शिव्या घालत होती. म्हणजे तब्येत ठीक आहे. फक्त मला भेटायचं नाही.

लोरेनने सोडा घालून पाव भाजला आणि स्वतः नेऊन दिला. तिलाही आत घेतलं नाही, पाव मात्र घेतला.

४ एप्रिल, मंगळवार

मन रमेना म्हणून वाचनालयात गेलो. मारिसोल वाटच बघत होती. "मिस्टर शे, तुमची होनोरा १९०० पर्यंत जिवंत होती!"

मी तिला होल्योकमध्येच शोधत होतो. ती शेवटी धाकट्या मुलीकडे, केटकडे, नदीपलीकडे चिकोपीत राहायला गेली होती, जावयाच्या घरात. होनोरा शे, सासू, वय सत्तर. इथेही दोनचार वर्षं लंपास केलेलीच.

"वय सोडा," मारिसोल म्हणाली. "त्या वर्षी बायकांना एक जास्तीचा प्रश्न विचारला होता. तो रकाना बघा."

आजवर किती मुलांना जन्म दिला? त्यातली हयात किती?

मी बोटांवर मोजलं. मॉरिस, नोरा, एलन, टिम, केट. पाच. पन्नासपासून सगळे कागद पाहिलेत, जन्माच्या नोंदवह्या पाहिल्यात. या पाचांपलीकडे तिची नोंद नाही. पाच.

होनोराने सांगितलंय — सहा.

प्रश्न काही सांभाळलेल्या मुलांचा नव्हता. जन्म किती दिले, असा होता. सरकारी माणूस दारात उभा, हातात दौत-टाक, मागे जावई ऐकतोय, आणि ही म्हातारी ठणकावून सांगते, सहा. वय सांगताना दरवेळी वर्षं गाळली, पोर सांगताना एकही गाळलं नाही.

त्या पानाच्या दोन प्रती काढून घेतल्या.

८ एप्रिल, शनिवार

आज सिस्टरला न विचारता आत गेलो. नेल जागी होती. उशीखालच्या कागदांच्या घड्यांना सुरकुत्या पडल्या होत्या, म्हणजे रोज काढून वाचत होती.

मी पान समोर धरलं, रकान्यावर बोट ठेवलं. तिने वाचलं. ओठांनी मोजलं, पाच बोटं मिटली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सहा म्हणाली?"

"सहा."

"मोजणीदाराला?"

"सरकारी मोजणीदाराला."

"पापिणी!" नेल म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर हाताखाली नुसती हाडं. तरी हसत होती. "चक्क तोंडावर खोटं बोलली, मायकी! आणि देवाने काही केलं नाही तिला. कधी सर्दीसुद्धा झाली नाही!"

शिळेवरची ओळ तिने मला लिहून घ्यायला लावली. 'होनोराची पणती. किलवारा, केरी.' दोनदा वाचून दाखवायला लावली. तिची होनोरा तिला परत मिळाली, आणि मला माझी नेल. उद्या ईस्टर. कितीतरी दिवसांनी भूक लागलीय.

१० एप्रिल, सोमवार

काल आणि आज दोन्ही दिवस नेलकडेच. काल मटण खाल्लं तिने, चांगलं दोन वेळा मागून. आज मात्र गप्प गप्प होती. निघताना माझी बाही धरली.

"मायकी, होनोराने डॅनियलला सांगितलं असेल?"

"माहीत नाही. तो सात वर्षांचा होईपर्यंत मोरियार्टीच होता, त्याला आठवतही असेल."

"आणि नसेल आठवत तर? लहान असता, तान्हा असता, आणि तिने सांगितलंच नसतं — तर चुकलं म्हणशील तिचं?"

"मी कोण म्हणणार?"

बाही सोडली नाही. "तुझ्या आजोबांचं नाव काय?"

"काय विचारतेस? कॉर्नेलियस. तुझेच बाबा."

"जॅकचा पहिला मुलगा तू. मग तू मायकेल कसा?"

निघालेला मी परत खुर्चीत बसलो.

"त्र्याहत्तर वर्षांत हा प्रश्न पडला नाही तुला. दुसऱ्यांची बिंगं बरी सापडतात! गेल्या वर्षी सरकारने १९५० च्या जनगणनेचे कागद खुले केले, पेपरात वाचलं मी. त्या दिवसापासून झोप नाही. आज उघडशील, उद्या उघडशील. आणि तू बसलास आपला होनोराला धरून." मग हळू आवाजात म्हणाली, "आपल्या गल्लीचं पान काढ. मला तोंडाने जमायचं नाही. कागदावरचं तुला पटतं."

घरी आलो ते कसा आलो, आठवत नाही. वाचनालय उद्या कसल्याशा कामासाठी बंद.

१२ एप्रिल, बुधवार

आमची गल्ली, दुसरा मजला. कॉर्नेलियस शे, घरप्रमुख. बायको मार्गरेट. मुलगा जॅक, २२, अविवाहित. मुलगी एलन, म्हणजे नेल, २१, अविवाहित, कागदगिरणीत. शेवटची ओळ — मायकेल व्होइचिक, वय तीन महिने. नातं : सांभाळायला घेतलेलं मूल.

आडनाव पोलिश. म्हणजे मी पोलंडचा! जन्मभर केरीचा, केरीचा म्हणून मिरवलो. पुढच्या वर्षी जॅक कोरियात गेला आणि नेलने त्याचं नाव माझा बाप म्हणून लावलं. ते नाकारायला तो परत आलाच नाही. बॉस्टनकडची आईसुद्धा तिनेच रचलेली. मारिसोलने पाणी आणून दिलं.

गाडीतूनच फोन केला. पहिल्या घंटेलाच उचलला.

"सापडलं?"

"सापडलं."

"चिडलास?"

"आडनाव बदललंस, नाव का नाही बदललंस?"

"ते तू घेऊन आला होतास. तेवढंच तर होतं तुझ्याबरोबर."

मला आत्या म्हणायचं होतं, ते तोंडातून आलंच नाही. आई म्हणालो.

"काय? ऐकू नाही आलं. परत म्हण."

कान ठणठणीत आहेत तिचे. परत म्हणालो.